पहिली सुटली ती सटवाजीची म्हैस!

"अडीच मिनिटांत! घड्याळ लावून बघा बाई! चारशे पोरं अडीच मिनिटांत मैदानात उभी नाही केली, तर श्रीहर्ष नाव लावणार नाही!"

आपला श्रीहर्ष असं म्हणाला, आणि म्हणाला कुणाला? थेट हेडबाईंना! विमलाबाईंना! ज्यांच्यासमोर खडूसुद्धा हळू आवाजात मोडतो, त्यांना!

दोन हजार चारची गोष्ट. कानडी मुलखातल्या नवनगरच्या शाळेत लागून श्रीहर्षला तीन वर्षं झाली होती, पण नोकरी अजून टेंपररी. घरी अंबूताई, म्हणजे त्याची आई, मुलगी बघून बसलेली. मुलीकडचे म्हणत होते, पर्मनंटची ऑर्डर दाखवा, मग पुढचं बोलू. अशात वरून कागद आला. आग लागली तर मुलं बाहेर कशी काढणार याची प्रत्येक शाळेनं योजना करा, आणि वेगवेगळ्या समाजातल्या, वेगवेगळ्या घरच्या मुलांचा त्यात विचार करा. तालीम बघायला शिक्षणखात्याचे साहेब स्वतः येणार!

विमलाबाई म्हणाल्या, "सर, तालीम छलो झाली, तर तिथंच साहेबांपुढं तुमची फाईल ठेवते बघा. नाही झाली, तर मग मला काही सांगू नका री."

झालं! गडी पेटला! पंधरा दिवस जेवताना योजना, आंघोळीत योजना. तीन रंगांचे कागद आणले. पिवळा नवनगरच्या मुलांचा. रिक्षानं येणारी, इस्त्रीची पोरं ही. यांनी रांग धरून पुढच्या दारानं जायचं. हिरवा कमरीपेठेतल्यांचा. बोळाबोळांतून वाढलेली, फटीतून सापासारखी निसटणारी. यांनी मागच्या दारानं. आणि गुलाबी हॉस्टेलच्या मुलांचा. ही सगळी अळणावरकडच्या खेड्यांतली.

गुलाबी कागद भरायला त्यानं सातवीतल्या मथुराला बोलावलं. मथुरा म्हणजे हॉस्टेलची पाटलीण! तिनं हूं म्हटल्याशिवाय तिथं भातसुद्धा शिजत नाही.

"मथुरा, तुमच्या गावात आग लागली तर पहिलं काय करता?"

"जनावर सोडतो, सर."

"आधी माणसं नाही?"

"माणसाला पाय मोकळे असतात की, सर! दाव्याला बांधलेलं कसं पळणार?"

श्रीहर्षच्या डोळ्यांत पाणीच आलं! वा! काय ही संस्कृती! त्यानं गुलाबी कागदावर ठसठशीत अक्षरात लिहिलं: 'बांधलेला जीव आधी सोडवणे.' आता शाळेत कुठलं आलंय जनावर? पण चालीरीतीला मान द्यायला काय जातंय! साहेब वाचून खूश होतील!

आणि ज्या म्हशीच्या दुधाचा चहा हा गडी रोज दोनदा पीत होता, शाळेमागच्या चिंचेला बांधलेली शिपाई सटवाजीची ती म्हैस, ती काही याच्या डोक्यात आली नाही. बघा आता!

तालमीच्या दिवशी अंबूताईंनी नव्याकोऱ्या कोल्हापुरी चपला काढून दिल्या. "साहेब येणार म्हणून आणल्यात. सांभाळून घाल. हरवून आलास तर घरात घेणार नाही!"

साहेब आले. मैदानात मांडव, खुर्ची, गळ्यात शेवंतीचा हा जाडजूड हार. हातात घड्याळ. विमलाबाई शेजारी, मांडीवर फाईल. सटवाजीनं व्हरांड्याच्या कोपऱ्यात बादलीत ओलं गवत पेटवलं. धूर असा निघाला की खरोखरचा बंब यावा! घंटा वाजली! "बेंकी! बेंकी! आग!"

साहेबांनी घड्याळ दाबलं.

अर्धं मिनिट. कोणी नाही.

एक मिनिट. कोणी नाही.

सव्वा मिनिटाला इमारतीमागून धाडधाड आवाज आला. विमलाबाई अभिमानानं म्हणाल्या, "आली बघा, सर, आमची मुलं!"

आली म्हैस! शेपटी वर, डोळे पांढरे, गळ्यात लोंबतं दावं! मथुरानं योजना अक्षर न् अक्षर पाळली होती! म्हैस मांडवात घुसली, साहेबांसमोर थांबली, आणि तिला शेवंती दिसली.

"अय्यो! येन्री इदु! काय हे!" साहेब खुर्चीवर चढले. हाराचं एक टोक साहेबांच्या गळ्यात, दुसरं म्हशीच्या तोंडात! सटवाजी धावत आला नि साहेबांनाच ओरडला, "हलू नका री! ती बुजते!"

अर्धा हार खाऊन झाल्यावर ती शांत झाली. साहेब खुर्चीवरूनच म्हणाले, "मुलं कुठायत?"

मुलं व्हरांड्यात होती! आपल्याकडं वर्गात चपला घालून बसायची पद्धत कुठंय? चारशे जोड बाहेर ओळीनं. घंटा झाली, तिन्ही रंगांचे कागद उडाले, आणि चारशे पोरं चपलांच्या ढिगावर तुटून पडली!

"माझी डावी कुठंय?"

"ती सोड! माझ्या पट्ट्याला पिन आहे!"

"ए अण्णा, पाय काढ, खाली माझी आहे!"

शेवटचं पोर मैदानात आलं तेव्हा अकरा मिनिटं झाली होती. गवत विझून गार झालं होतं!

साहेब खाली उतरले. एका इस्त्रीच्या पोराला विचारलं, "आग लागल्यावर चपला कशाला शोधायच्या?"

"मम्मी मारेल, सर."

कमरीपेठेतल्याला विचारलं. "अव्वा बडीताळ री! आई बडवते!" म्हणत त्यानं पाठच चोळली.

मथुराला विचारलं. ती म्हणाली, "मी जनावर सोडलं आधी, सर. चपलेला नंतर आले. आई सोडत नाही हो!"

साहेबांनी तिन्ही रंगांचे कागद उलटसुलट वाचले. मग वहीत लिहिलं: 'दीड मिनिटाच्या आत सुरक्षित बाहेर: म्हैस एक.' विमलाबाईंनी फाईल हळूच पिशवीत सरकवली.

"सर," साहेबांनी विचारलं, "मुलं अडकली होती तेव्हा तुम्ही कुठं होता?"

श्रीहर्ष दोन पावलं मागं सरकला. दोन्ही हात पाठीमागे. साहेब मागं वाकून बघायला लागले, विमलाबाई बघायला लागल्या, चारशे पोरं बघायला लागली. शेवटी त्यानं हात पुढं केले.

एका हातात कोल्हापुरी. उजवी.

"दुसरी अजून सापडत नाहीये, सर," तो म्हणाला. "आणि आमच्या आईला तुम्ही ओळखत नाही!"