रिकामं भांडं पाठवू नये

सांगलीच्या एका कॉलेजात नानासो प्रयोगशाळेचा मदतनीस होता, आणि तोही तीन वर्षं टेंपररी. पलटणीत वायरलेसचे सेट सांभाळून आलेल्या गड्याला हा शब्द फार टोचायचा. त्यामुळे १९७८ सालच्या त्या शनिवारी प्राचार्य त्याला म्हणाले की साताऱ्याचं काम नीट कर, सोमवारी तुला कायम करतो, तेव्हा त्यानं टाचा जुळवून सलामच ठोकला.

काम तसं सोपं होतं. संध्याकाळी अहमदाबादहून एक शास्त्रज्ञ व्याख्यानाला येणार होते. उपग्रहात बसवतात तसला, उष्णता बघणारा डोळा ते बरोबर आणणार होते. हा डोळा कामाला लावायचा तर आधी त्याला बर्फाहून कितीतरी गार करावं लागतं, आणि त्यासाठी लागतो द्रव नायट्रोजन. तो मिळणार होता साताऱ्याला, जनावरांच्या दवाखान्यात. तिथं जातिवंत वळूंचं बीज त्यात बुडवून ठेवत.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी अरुंद गळ्याचं भांडं भरून दिलं आणि बजावलं की झाकण सैलच ठेवायचं, धूर येत राहील, आत हात घालायचा नाही. भांडं मात्र वापरून परत आणून द्यायचं.

गाडीला दोन तास होते. साताऱ्यात येऊन थोरल्या बहिणीकडं न जाणं हे पाप, म्हणून नानासो हरणाबाईकडं जेवायला गेला. भांडं त्यानं अंगणात सावलीला ठेवलं, "आक्का, दवाखान्याचं भांडं हाय, ह्याला हात लावू नगंस," एवढंच सांगितलं, आणि चार भाकऱ्या हाणून घोंगडीवर आडवा झाला. पलटणीत लागलेली सवय, कारण कधी सांगायचं नाही.

हरणाबाईनं भांडं बघितलं. झाकणातून वाफ येत होती. म्हणजे आत काहीतरी उकळत होतं, आणि हा वेडा ते पायात धरून मोटारीत बसणार होता. एक खड्डा आला की पाय भाजलेच. बहिणीच्या जिवाला राहवेना. तिनं पदरानं भांडं धरलं आणि लवकर निवावं म्हणून आतलं सगळं परातीत ओतलं.

परातीतला रस रटरटा उकळायला लागला. खाली चूल नाही, जाळ नाही. बाईनं फुंकर घातली, तर अंगणभर ढग. परात कडकन वाजली, पांढरीफटक पडली, आणि बघता बघता कोरडी झाली. थेंबसुद्धा उरला नाही.

हरणाबाईची पाचावर धारण बसली. भावाला उठवायचं धाडस होईना. पण एक गोष्ट तिला पक्की ठाऊक होती. घरात आलेलं भांडं रिकामं पाठवायचं नसतं. चुलीवर म्हशीचं दूध नुकतंच वर आलं होतं. ते तिनं गळ्यापर्यंत भरलं. झाकणातून पहिल्यासारखी वाफ यायला लागली, तेव्हा तिला जरा बरं वाटलं.

नानासो सांगलीपर्यंत भांडं गुडघ्यात धरून बसला. धूर येतोय म्हणजे माल शाबूत, असं त्यानं कंडक्टरलाही समजावलं.

सहाला सभागृह भरलं. पाहुण्यांनी जाड हातमोजे चढवले, सगळ्यांना लांब सरायला सांगितलं आणि भांडं वाकवलं. काचेच्या पात्रात सायीसकट दूध पडलं. पहिल्या रांगेतून कुणीतरी साखरेची चौकशी केली.

प्राचार्यांनी नानासोकडं बघितलं. त्याला सोमवार दिसेनासा झाला.

"साहेब, हे आक्काचं काम," तो कसाबसा म्हणाला. "पर चूक माजी हाय. आत काय हाय ते मी तिला सांगितलंच न्हाई."

पाहुण्यांनी दुधात तापमापी बुडवली. दूध दुपारी बारा-एकचं असणार हे नानासोकडून कळल्यावर ते मोठ्यानं हसले. "पाच तासांनी सत्तर अंश! हे भांडं गारठा राखतं तशीच ऊबही राखतं. याहून चांगला पुरावा मीही आणला नसता."

मग त्यांनी डोळा गार न करताच चालू केला. समोर दूध धरलं, हात धरला, काही धरलं नाही. डोळ्याला जोडलेल्या यंत्राचा काटा आपला वेड्यासारखा थरथरतच राहिला. "डोळा स्वतःच गरम असला की असा आंधळा होतो," ते म्हणाले. "म्हणून उपग्रहात त्याला आधी गार करतात. एवढंच सांगायला मी आलो होतो." टाळ्यांचा कडकडाट झाला. त्याच दुधाचा चहा प्राचार्यांनी दोनदा घेतला आणि जाता जाता सोमवारचं पुन्हा सांगून गेले. नानासोचा जीव भांड्यात पडला.

मंगळवारी तो भांडं परत करायला साताऱ्याला गेला, पण आधी बहिणीकडं. त्याला बघताच हरणाबाई दाराआड झाली.

"नाना, तुजं औषध माज्या हातनं..."

"ऱ्हाऊ दे. भांड्यात बघ."

"धूर न्हाई न्हवं?" तिनं आधी कान लावला, मग भीत भीत दोन बोटं गळ्यात घातली आणि घडी केलेला कागद ओढून काढला. तिला वाचता येत नव्हतं. नानासोनं एकच शब्द वाचून दाखवला, "कायम."

बाईनं कागद देव्हाऱ्यात ठेवला, डोळे पुसले आणि तडक चुलीकडं वळली.

"आता कुटं?"

"दूध तापवते. दवाखान्यात भांडं रिकामं कसं द्यायचं?"

नानासोनं भांडं उचललं आणि चपला न घालताच रस्ता धरला.