आभाळातही सिग्नल पाळणारे भुजंगराव

भुजंगराव मोरे तुमच्याशी बोलताना तुमच्याकडे बघत नाहीत. तुमच्या डोक्याच्या वर, साधारण दोन मजले, बघतात. हैदराबादच्या हिमायतनगरात त्यांच्या शेजारी राहायला गेलो तेव्हा पहिला महिनाभर मी मागे वळून आमच्या गच्चीवर काय आहे ते तपासत होतो. गच्चीवर काही नसायचं. त्याच्याही वर घारी असायच्या. घार पंख न हलवता चढायला लागली की भुजंगरावांचं वाक्य अर्ध्यात तुटे. "मास्तर, तिथं उचल आहे," म्हणत. उचल म्हणजे तापल्या जमिनीवरून वर चढणारी हवा. त्यांच्या सासऱ्यांच्या तेराव्याला भटजी गंभीरपणे काही सांगत असताना हे खिडकीतून एक ससाणा बघत होते, आणि मोठ्यानं म्हणाले, "पोचला एकदाचा वर!" सासूबाईंनी वर्षभर अबोला धरला.

नोकरी सिकंदराबादला, रेल्वेच्या सिग्नल खात्यात. एकवीस वर्षं. लहान स्टेशनांवर खांबाला तो लाल हात असतो ना, आडवा असला की थांबा, झुकला की जा, त्या हातांची देखभाल यांच्याकडे. हे काम त्यांच्या हाडात मुरलं होतं. सुशीलावहिनी फरशी पुसताना नुसता हात आडवा करायच्या, की भुजंगराव उंबऱ्यावर पिशवी घेऊन उभे. एकदा वहिनी हात खाली करायला विसरल्या आणि शेजारणीकडे गेल्या. अर्ध्या तासानं आल्या तेव्हाही हे उंबऱ्यावरच होते.

देशाची दारं उघडली आणि परदेशी माल बाजारात आला, ते दिवस. आमच्या गल्लीत कुणी रंगीत टीव्ही घेतला, कुणी मोटार. भुजंगरावांनी एका परतणाऱ्या गोऱ्या साहेबाकडून कापड घेतलं. घडी घातली तर गादीएवढं, पसरलं तर मांडवाएवढं. त्याला दोऱ्या, दोऱ्यांना खुर्ची, खुर्चीत भुजंगराव. इंजिन नाही. पॅराग्लायडर म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. वहिनी त्याला सवत म्हणत.

आम्हाला वाटलं, पाय मोडून घेतील. पण त्यांना घाईच नव्हती. "हल्लू, मास्तर, हल्लू," हे त्यांचं हैदराबादी ब्रीद. वारा नीट नसला तर डोंगरावर डबा खाऊन परत येत.

मग विकाराबादच्या पुढच्या डोंगरावर स्पर्धा भरली. नेमकी दिवाळीत. देशभरातून पंधरा-वीस उडणारे आले. भुजंगरावांनी रजा टाकली आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांना दिवाळीत रजा मिळाली. मी डबा सांभाळायला आणि ते उतरतील तिथून त्यांना स्कूटरवर आणायला गेलो. चार दिवस ते रोज शेवटचे आले. कारण विचारल्यावर शांतपणे म्हणाले, "खाली लाईन होती. सिग्नल आडवा होता."

"अहो, तुम्ही हवेत होता!"

"म्हणून काय झालं?"

एवढ्या वरून सिग्नल दिसतो कसा, हेही मी विचारलं. त्यावर त्यांनी पहिल्यांदाच माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, कीव केल्यासारखं.

पाचव्या दिवशी स्पर्धेला सुट्टी पडली. उतरलेल्यांना गोळा करणाऱ्या जीपचा ड्रायव्हर यादय्या सकाळीच सांगून गेला, आज आक्काच्या हातचं जेवायचं असतं, मी काही येणार नाही. बाकीचे ड्रायव्हरही आपापल्या बहिणींकडे गेले. जीपच नाहीत म्हटल्यावर उडणारे पत्ते कुटायला बसले. भुजंगराव मात्र चहा हातात धरून तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "मास्तर, आज भाऊबीज."

तेव्हा कळलं. त्यांची थोरली बहीण गोदाक्का जहिराबादच्या बाजूला एका खेड्यात एकटी राहते. आईमागं तिनंच यांना वाढवलं. दिवाळीत जादा गाड्या, त्यामुळे अकरा वर्षं यांना भाऊबीजेला जाता आलं नव्हतं. भाऊ नसला की बायका चंद्राला ओवाळतात, तसं ती ओवाळायची, आणि दर वर्षी पोस्टकार्ड यायचं: यंदाही चंद्रालाच ओवाळलं, प्रकृतीस जप. यंदा तर रजा मिळाली होती. आणि या गृहस्थांनी तिला लिहिलं होतं, रजा नाही.

"चला, बसनं जाऊ," मी म्हटलं.

"सणाची बस. दोन ठिकाणी बदलायची. सातला पोचते. चंद्र त्याच्या आधी दिसतो." मग वर बघितलं. एक घार गोल गोल चढत होती. "वारा तिकडंच जातोय," ते म्हणाले आणि कापड उचललं.

असं निवांत उडणं मी त्या चार दिवसांत पाहिलं नव्हतं. वेळ मोजणारं कुणी नाही, पुढं-मागं कुणी नाही. खाली रेल्वेची लाईन, वर ते पिवळं कापड, आणि रस्त्यानं मी, मान वाकडी करून स्कूटर हाकतोय. घार वळली की ते वळत. मी दोनदा खड्ड्यात गेलो, एकदा म्हशींच्या कळपात.

साडेचारला ते खाली खाली यायला लागले. ऊन उतरलं होतं, उचल मिळेना. गाव अजून दहा मैल. एका लहान स्टेशनच्या फाटकाशी मी थांबलो. समोर खांबावर लाल हात आडवा. आणि भुजंगराव, जमीन जेमतेम दोन ताडांवर असताना, सरळ जायचं सोडून तिथंच गोल फिरायला लागले.

फाटकवाला म्हातारा वर बघत होता. "उनो ऊपर क्या कर रै?"

"सिग्नल के वास्ते रुके हैं," मी म्हणालो.

म्हाताऱ्यानं मान डोलावली. "लाईन का आदमी है," तो म्हणाला आणि उभा राहिला, साहेबासाठी राहतात तसा.

स्टेशनच्या मालधक्क्याचं पत्र्याचं छप्पर दिवसभर तापलं होतं. त्यावरून हवा वर येत होती, ती थांबलेल्या माणसालाच सापडायची. एका फेरीत कापड छपरावर आलं, दुसऱ्या फेरीत चिंचेच्या वर, पाचव्या फेरीत पार घारीच्या बरोबरीनं. समोरून आलेली मालगाडी खालून धडधडत गेली. मग थोड्या वेळानं हात झुकला. आणि भुजंगराव निघाले. फाटकवाल्यानं हिरवी झेंडी दाखवली. ती वरून त्यांनी बघितली असणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

चार दिवसांत कुणीच इतकं लांब गेलं नव्हतं. कुणी लिहून घेतलं नाही, कारण त्या दिवशी स्पर्धा नव्हती.

मी गावात पोचलो तेव्हा मूग काढलेल्या रानात ते कापड पसरलं होतं आणि अख्खं गाव भोवती. गोदाक्का अंगणात पाट-रांगोळी करून, ताट घेऊन पायरीवर बसली होती. चंद्राची वाट बघत. भुजंगराव समोर जाऊन उभे राहिले. हेल्मेट काढायचं राहिलं होतं.

"रजा मिळाली?" तिनं विचारलं.

"मिळाली होती, आक्का. मी उडायला गेलो होतो."

ताट घेऊन ती उठली. "मग उडत इकडंच यायचं ना."

"आलो की."

"टोपी काढ ती. कुंकू कुठं लावू?"

पाटावर बसवून तिनं ओवाळलं. ओवाळणी घालायला भुजंगरावांनी खिसे चाचपले तर डब्यातला चुरमुऱ्याचा लाडू निघाला, तोच ताटात ठेवला. गाव हसलं, आक्काही हसली. तेवढ्यात लिंबाच्या मागं चंद्राची कोर दिसली. आक्का ताट घेऊन पुन्हा उठली.

"आता त्याला कशाला?" भुजंगराव म्हणाले. "मी आलोय ना."

"अकरा वर्षं तुझ्या जागी उभा राहिला तो," ती म्हणाली. "आज तू आलास म्हणून त्याला विसरू?"

तिनं ताट उंच धरलं. आम्ही सगळे वर बघत होतो. मी सहज वळलो. भुजंगराव, जन्मभर आभाळाकडे बघणारा माणूस, पाटावर बसून आक्काच्या पायांकडे बघत होते.