बाबांच्या लाळेचा प्रकल्प

सकाळी सव्वासहा वाजता चिंगीचे बाबा बेसिनपाशी उभे राहून बोटभर लांबीच्या प्लास्टिकच्या नळीत थुंकले. नळीच्या तळाशी जेमतेम एक थेंब जमला.

"भाऊजी, जमत नसेल तर व्हा बाजूला," मागून मामा म्हणाला. "इथे रांग लागलीय."

चिंगी बायोकेमिस्ट्रीच्या तिसऱ्या वर्षाला होती. माणसाच्या लाळेत स्टार्च पचवणारं एक एन्झाइम असतं. ते कुणाच्या लाळेत किती जोरदार, हे तिला प्रकल्पासाठी मोजायचं होतं. स्टार्चच्या पाण्यात आयोडीन टाकलं की ते निळं होतं. त्यात लाळ घातली की हळूहळू निळा रंग जातो. जितक्या लवकर जाईल, तितकी लाळ तगडी. नमुना रोज उठल्याउठल्या, दात न घासता, चहा न पिता द्यायचा. सकाळी सकाळी थुंकायला हक्काची माणसं घरचीच, म्हणून आई, बाबा आणि वरच्या मजल्यावर राहणारा, पण चहाला नेमाने खाली येणारा मामा अशी भरती झाली होती. विभागातून एकच प्रकल्प आंतरविद्यापीठ संमेलनाला जाणार होता आणि तो आपलाच असावा म्हणून चिंगी वर्षभर राबत होती.

कुणाचा नमुना कसा निघाला हे नमुना देणाऱ्याला सांगायचं नसतं. चिंगीने ते जेवताना सगळ्यांदेखत सांगितलं.

"मामा पहिला. आई दुसरी."

"आणि मी?" बाबांनी विचारलं.

"तुमचा निळा रंग अजून जायचाय. मी निघाले तेव्हा तरी होता."

मामाला ठसका लागला. "पाणीपुरवठा खात्यात अख्खी नोकरी गेली, आणि स्वतःच्या तोंडाला पाणी नाही!"

भाजी वाढता वाढता आई थांबली. "म्हणजे इतकी वर्षं मी रांधतेय, आणि तुमच्या तोंडाला पाणीच सुटत नाही?"

"अगं, हे शास्त्र आहे."

"शास्त्रच खरं बोलतंय. तुम्ही नुसतं 'छान झालंय, छान झालंय' करत होतात."

याचा चवीशी संबंध नाही, हे जन्मजात असतं, असं चिंगी परोपरीने सांगत राहिली. दुसऱ्या दिवशी बाबांच्या पानातली भाजी बिनमिठाची होती. मामाच्या पानातली नव्हती.

तिसऱ्या दिवशी बाबांनी कचेरीतून परतताना औषधाचं दुकान गाठलं.

"पोट बिघडलंय का?" दुकानदाराने विचारलं.

"पोट उत्तम आहे. तोंड कमी पडतंय."

दुकानदाराने पचनाच्या कॅप्सूल पुढे केल्या. यात स्टार्च पचवणारं एन्झाइम आहे, जेवण झाल्यावर एक गिळायची, असं त्याने बजावलं. बाबांनी गिळली नाही. सकाळी बेसिनपाशी सगळ्यांकडे पाठ करून त्यांनी ती नळीवर उघडली.

त्या दिवशी प्रयोगशाळेत चिंगीने बाबांची लाळ घातली आणि घड्याळाचं बटण दाबायच्या आत निळा रंग गेला. तिने नवं स्टार्च करून घेतलं, नळ्या बदलल्या, पुन्हा केलं. पुन्हा तेच. पुढच्या सकाळच्या नमुन्याचंही तेच. मग ती मार्गदर्शक मॅडमकडे धावली.

"या एन्झाइमच्या जनुकाच्या प्रती काही माणसांत जास्त असतात," मॅडम म्हणाल्या. "वडिलांच्या गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून आण. आपण त्या प्रतीच मोजू."

प्रती मोजल्या. त्या चारचौघांपेक्षा कमी निघाल्या. दुसऱ्या कुणाला इथे संशय आला असता. पण मॅडम याच एन्झाइमवर आयुष्यभर संशोधन करत होत्या आणि अशाच एखाद्या दिवसाची वाट पाहत होत्या.

"प्रती कमी आणि जोर एवढा!" त्या खुर्चीतून उठल्या. "चिंगे, एन्झाइमच नवीन आहे!"

दुपारच्या चहापर्यंत ही बातमी विभागभर झाली आणि संध्याकाळपर्यंत घरी पोहोचली. आईने बहिणीला फोन लावला. "यांच्या लाळेवर संशोधन चाललंय. आता माझ्या हाताला चवच तशी, त्याला ते तरी काय करणार?" बाबांच्या पानात दोन भाज्या आल्या. मामा आरशासमोर जीभ बाहेर काढून स्वतःला तपासू लागला. खरं सांगून टाकावं असं बाबांना रोज वाटे, आणि रोज पान वाढलं की ते उद्यावर जाई.

शेवटी निवड समितीचा निरोप आला: वडिलांनी स्वतः यावं आणि आमच्यासमोर नमुना द्यावा.

विभागाच्या जिन्यात बाबा थांबले. "चिंगे, एक सांगू? रागावणार नाहीस ना?"

"आता नको, बाबा. समिती बसलीय."

"तेच तर. ती उठून गेली तर बरं होईल." त्यांनी खिशातून कॅप्सूलची पट्टी काढून तिच्या हातात ठेवली.

चिंगीने मागची बारीक अक्षरं वाचली आणि जिन्याच्या पायरीवरच बसली. "बाबा, माझं वर्ष गेलं."

"मी आत जाऊन कबूल करतो."

"तुम्ही आत जाऊन फक्त थुंका. खरंखुरं. बोलायचं ते मी बोलते."

बाबांच्या तोंडाला पार कोरड पडली होती. तरी नळी हातात येताच त्यांना राहवेना. "मला जरा सांगायचंय—"

"बोलू नका, तोंड सुकतं," मॅडम म्हणाल्या.

बऱ्याच खटपटीनंतर थेंब पडला. तो निळ्या स्टार्चमध्ये मिसळून नळी कोमट पाण्यात ठेवली. निळा रंग ढिम्म हलला नाही.

"पाहिलंत?" मॅडम उजळल्या. "माणूस घाबरला की हे एन्झाइम थांबतं! हे तर आजवर कुणी नोंदवलंच नव्हतं!"

"मॅडम," चिंगीने पट्टी टेबलावर ठेवली, "नवीन एन्झाइम औषधाच्या दुकानात मिळतं."

मॅडम खाली बसल्या. चिंगी थांबली नाही. "सुरुवातीला बाबांची लाळ मंद निघाली. जनुकाच्या प्रती कमी निघाल्या. आज परत मंद. हे सगळं जुळतं. जुळत नाहीत ते मधले दिवस, आणि मधल्या दिवसांत ही होती."

समितीचे अध्यक्ष सर कुणाचं कौतुक करत नसत. त्यांनी पट्टी उलटसुलट पाहिली. "म्हणजे तुझी पद्धत लबाडी पकडते."

"नळाला पाणी कमी म्हणून मोटर लावली, साहेब," बाबा खाली मान घालून म्हणाले. "आमच्या खात्यात यालाही गुन्हाच म्हणतात."

"निर्णय चहानंतर सांगू," सर म्हणाले. मग त्यांनी घसा साफ केला. "एक नळी इकडे दे. पद्धत स्वतः वापरून पाहायला हवी. आमच्या घराण्यात दगड पचवतात."

सरांनी मागितली म्हटल्यावर सगळ्यांनीच नळ्या मागितल्या. अख्खी समिती भिंतीकडे तोंड करून थुंकली. मॅडमही थुंकल्या.

चहा होईपर्यंत मॅडमची नळी स्वच्छ झाली होती. समितीतल्या बाकी दोघांच्या नळ्या स्वच्छ झाल्या होत्या. बाबांचीसुद्धा, उशिरा का होईना, फिकट पडत चालली होती. चिंगीचा प्रकल्प संमेलनाला पाठवायच्या शिफारशीवर सही तेवढी अध्यक्षांची व्हायची होती.

सर दारात आले. "माझं काय निघालं?"

चिंगीने नळी उजेडाकडे धरली आणि परत पाण्यात ठेवली. "चालू आहे, सर."

"अजून?"

बाबा उठले आणि त्यांनी आपलं स्टूल सरांपुढे सरकवलं. "बसा, साहेब. यात घाई करून चालत नाही."

पावणेपाचला शिपाई कुलूप घेऊन आला, तेव्हा सर स्टुलावर बसलेले होते, कागद सहीविना टेबलावर पडला होता, आणि नळी निळीच होती.