परबकाका आणि कोरियन कंपनीचं भवितव्य

परबकाकांनी मला लग्नाच्या शुभेच्छा दिल्या त्या लग्न होऊन बरोबर अठ्ठाविसाव्या दिवशी. पेढ्यांचा बॉक्स मी पहिल्याच दिवशी त्यांच्यापुढे धरला होता. त्यांनी एक पेढा खाल्ला, दुसरा उचलला आणि म्हणाले, "अठ्ठावीस दिवस होवंदेत गो बाय, मगे बघूया." मी भडकले ना! हा माणूस आहे की कोण आहे?

तसा त्यांचाही दोष नव्हता. मुलुंडला आमच्या मेट्रोच्या साइटवर काका काँक्रीटची लॅब सांभाळायचे. रोज जे काँक्रीट ओतलं जायचं, त्यातलं थोडं लोखंडी साच्यात भरून ते ठोकळे पाडायचे आणि पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवायचे. अठ्ठाविसाव्या दिवशी ठोकळा मशिनखाली घालून फोडायचा. किती भार सोसून फुटला, ती त्या काँक्रीटची खरी ताकद. तीस वर्षं हेच केल्यावर माणूस सगळ्या जगालाच टाकीत घालून बसणार. नवा मिक्सर, नवा नगरसेवक, कँटीनचा नवा आचारी, कशाहीबद्दल अठ्ठावीस दिवसांच्या आत काका मत देत नसत. तो आचारी तर विसाव्या दिवशीच पळून गेला. काका शांतपणे म्हणाले, "बघ, मी काय बोललंय नाय ताच बरा झाला."

आमची कंपनी कोरियाची. भारतातलं तिचं हे पहिलंच काम. किमसाहेब इथले प्रमुख. मी कागदपत्रं सांभाळायचे आणि साहेबांना मराठी माणसं समजावून द्यायचे. रोज सकाळी आठला अख्ख्या साइटनं रांगेत उभं राहून व्यायाम करायचा, ही त्यांच्याकडची पद्धत. कोरियन आकडे कुणाच्याच तोंडी बसेनात, म्हणून मोजायचं काम काकांकडे आलं. "येक, दोन, तीन, हात वर कर रे मेल्या, च्यार..." साहेबांना वाटलं, हेही आकड्यांतच येतं. काका सुट्टीवर होते त्या दिवशी साहेबांनी स्वतः मोजलं, आणि तीन झाल्यावर अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "हात वर कर रे मेल्या." दोनशे माणसं हसू दाबून उभी होती.

दुपारी दोघं लॅबमध्ये एकत्र जेवायचे. एकाला दुसऱ्याची भाषा येत नव्हती. साहेब त्यांचं कोबीचं तिखटजाळ लोणचं पुढे करायचे, काका बांगड्याची तुकडी. मी एकदा विचारलं, तुम्ही बोलता तरी काय? काका म्हणाले, "जेवताना बोलायचा काय असता?"

मग बोगद्याचं टेंडर निघालं. मोठं काम. ते मिळालं तर कंपनी इथे आणखी दहा वर्षं राहणार, नाहीतर मेट्रो संपताच गाशा गुंडाळणार. साइटवर दुसरा विषयच नव्हता. माझी पोरगी तेव्हा तीन वर्षांची, पाळणाघर शेजारच्या गल्लीत, घर रिक्षानं दहा मिनिटांवर. अशी नोकरी पुन्हा कुठे मिळणार होती? आणि काका अठ्ठावन्नचे. त्यांना तर कोण विचारणार?

कोरियाहून विचारणा आली, भारतात राहायचं की नाही ते कळवा. वांद्र्याहून सूटबूटवाले सल्लागार आले, रंगीत आलेख दाखवून गेले. भवितव्य झकास आहे म्हणाले. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला घेऊन थेट लॅबमध्ये आले. टाकीशेजारच्या स्टुलावर बसले. मला म्हणाले, यांना विचार, इतकी वर्षं तुम्ही या शहराची जमीन बघताय. आम्ही हे टेंडर भरावं का?

मला खात्री होती, आता अठ्ठावीस दिवस निघणार. टेंडरची मुदत आठवड्यावर. पण काका तिथल्या तिथे म्हणाले, "नको."

आणि भडाभडा बोलायला लागले. जागा वेळेवर ताब्यात मिळत नाही. पाइपलाइन नकाशात एकीकडे, जमिनीत दुसरीकडे. इथल्या कंपन्यांच्या हे अंगवळणी पडलंय. त्या भरतील त्या भावात तुम्ही भरलंत तर तुमची वाट लागेल.

मी काय केलं सांगू? साहेबांना इंग्रजीत म्हणाले, "काका म्हणतात, जरा जपून, पण संधी चांगली आहे."

"खरा सांग गो," काका म्हणाले. "माका इंग्लिश बोलूक येना नाय, पण कळता."

माझे कान तापले. मग शब्दन्‌शब्द सांगितला. साहेबांनी ऐकलं, काकांपुढे मान लववली आणि उठून गेले.

कंपनीनं टेंडर भरलं नाही. वर्षभरात मेट्रोचं काम आटोपलं, माणसं पांगायला लागली. काकांशी धड कुणी बोलेना. मीही नाही. साहेबांना निरोप देऊन झाल्यावर एका दुपारी रजिस्टरवर सही घ्यायला लॅबमध्ये गेले आणि माझा तोल सुटला. "काका, हो म्हणायला तुमचं काय जात होतं? आमच्या सगळ्यांच्या पोटावर पाय दिलात तुम्ही!"

काका रिकामी टाकी पुसत होते. "सांगलंय ता खराच होता," ते म्हणाले. मग फडकं कडेवरून फिरवत, "सायबाचा चेडू चार वर्सांचा होता, तेव्हा ह्यो हय इलो. आता धा वर्सांचा झाला. जेवताना रोज माका फोटो दाखवी. आणि धा वर्सा ह्यो हय रवलो असतो तर ता चेडू बापाशीक वळाखला नसता."

साहेबांना मुलगी आहे, एवढंच मला माहीत होतं. काका पुसता पुसताच सांगायला लागले. मस्कतला त्यांनी अकरा वर्षं काढली होती, परदेशी कंपनीत, रस्त्याच्या कामावर. बायको आणि मुलगा कणकवलीला. एक काम संपलं की कंपनीला दुसरं मिळायचं, आणि दर वेळी काका म्हणायचे, एवढं एकच करू आणि जाऊ. सहा वर्षं या माणसाच्या शेजारी काम केलं मी, आणि त्यांना मुलगा आहे हे मला ठाऊक नव्हतं. माझी मलाच लाज वाटली.

"कुठे असतो तो आता?"

"पुण्याक."

"बरा आहे ना?"

काकांनी फडकं पिळलं, झटकलं, दोरीवर नीट पसरून घातलं.

"बरोच असतलो," ते म्हणाले.