अळी असल्याचा दाखला

माणसाचा माणसावर विश्वास उरलेला नाही. तो आता फक्त अळीवर उरला आहे. जी भाजी अळीला चालते तीच माणसाला चालते, हे तत्त्व लोहाऱ्यातल्या आमच्या कॉलनीच्या निर्विष परसबाग समितीने एकमताने स्वीकारले आहे. (मत एकच होते, अध्यक्ष ज्ञानोबांचे.) ज्या परसात जिवंत अळी सापडेल त्या घराच्या फाटकावर 'निर्विष' अशी हिरवी पाटी लावायची; न सापडल्यास औषध मारले असे समजायचे. मी समितीचा चिटणीस. माझ्याकडे फवारणीचा पंप आहे, पण तो चुना मारायला आणला आहे असे ठरलेले आहे.

पाटीची खरी निकड हमिदाबींना होती. त्यांची लेक फलक पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती, आणि येरमाळ्याच्या विहीणबाईंनी निरोप धाडला होता की पाटी असेल तरच सून पाठवू, नाहीतर बाळंतपण इथेच. हमिदाबींचे दोडके मात्र फारच आक्षेपार्ह होते. हिरवेगार, सरळ, एकाला डाग नाही की भोक नाही.

"अळी दाखवा," पहिल्या तपासणीला ज्ञानोबा म्हणाले.

"अळी कुठनं दावू, भाऊ? फजरची नमाज झाली की म्या पानं उलटी करून एकेक वेचते अन् कोंबडीला घालते. औषध न्हाय, काय न्हाय."

"म्हंजे अळी न्हाय."

"न्हाय."

"मग औषध मारलंय."

हा युक्तिवाद इतका बिनतोड होता की मी तो इतिवृत्तात दोनदा लिहिला. हमिदाबींना अळी हजर करण्यासाठी आठवड्याची मुदत देण्यात आली.

बाकीच्या परसांत अळी असण्याचे काही कारण नव्हते, कारण सगळेच दर शनिवारी चुना मारत होते. तरी दुसऱ्या तपासणीत घरोघर अळी निघाली. गुबगुबीत, पाठीवर पांढरा ठिपका. समिती पुढच्या दारी चहा घेई तोवर मागच्या भिंतीवरून अळीची काडेपेटी शेजारी पोचे. (पान आधी तीन पाण्यांनी धुऊन ठेवायचे, नाहीतर अळी दगावते.) तपासणीला साहेब येणार म्हटले की शाळा शेजारच्या शाळेतून खुर्च्या आणतात, हे तसेच. यात लबाडी कसली, याला समन्वय म्हणतात. ही अळी ज्ञानोबांच्या मेव्हण्याने खास सोनारीहून आणली होती. सहाव्या घरापासून तर समिती तिला ओळखीचे हसू लागली.

दहावे घर हमिदाबींचे. शेजारच्या तुळजाबाईंना त्यांची कीव आली. त्यांनी भिंतीवरून काडेपेटी दिली आणि बजावले, "आज हात बांधून उभ्या ऱ्हावा. कायबी करू नका."

समिती आली. ज्ञानोबांनी चष्मा पुसला. अळी दोडक्याच्या पानावरून दिमाखात निघाली. मी पिशवीतून पाटी बाहेर काढली, आणि एवढ्यात हमिदाबींचा हात सवयीने पुढे गेला. चिमटीत धरली, मागे भिरकावली, कोंबडीने उचलली.

"या अल्ला!" हमिदाबी मटकन खाली बसल्या. "आता येत न्हाय माझी पोरगी."

मला फार वाईट वाटले. त्यांच्याबद्दलही वाटले, पण मुख्यतः अळीबद्दल, कारण अकरावे घर माझे होते.

समितीने तिथेच, दोडक्याच्या मांडवाखाली, तातडीची बैठक घेऊन नियम दुरुस्त केला: अळी प्रत्यक्ष हजर नसली तरी चालेल, ती येऊन गेल्याची खूण, म्हणजे भोक, पुरे. पोती शिवायची एक दाभण कॉलनीत फिरती ठेवण्यात आली. हमिदाबी ती हातात धरून बराच वेळ आपल्या दोडक्यांकडे बघत राहिल्या. लेकरासारखे वाढवले होते ते. मग त्यांनी डोळे मिटून टोचली.

पाटी लागली. फलक आली, मुलगी झाली, बाळ-बाळंतीण खुशाल आहेत.

कॉलनीत उरलेले दोडके आता आठवडी बाजारात जातात. गिऱ्हाईक हल्ली फार जागरूक झाले आहे. भोक दिसल्याशिवाय हात लावत नाही. परवा तुम्हीही बिनभोकाचा ढीग नाक मुरडून बाजूला सारलात आणि उजेडात धरून एकेक निवडून घेतलात. त्यातले दोन हमिदाबींचे होते, बाकीचे आमचे. भोकावरून ओळखू येणार नाहीत, कारण दाभण एकच आहे. कोणते कुणाचे, ते जेवून कळवा.