उंदरांनी सोडलेलं चॉकलेट

प्रयोगशाळेत सगळे त्यांना वजनकाका म्हणत, कारण तिथली प्रत्येक वस्तू तोलून वहीत लिहिणं हे त्यांचं काम. सध्या ते चॉकलेट तोलत होते. पोट भरलं तरी मेंदूत कसलंसं रसायन पाझरतं आणि "अजून एक!" म्हणतं, ती हाव आवरणारं औषध तिथल्या मॅडमनी शोधलं होतं. सहा उंदरांना ते पाण्यातून द्यायचं, पोटभर दाणे घालायचे, मग पुढ्यात चॉकलेटची बशी. दुपारी किती उरलं ते काका तोलणार.

पहिल्याच दिवशी एका न उष्टावलेल्या बशीतला तुकडा काकांच्या बोटाला चिकटला. त्यांनी तो चाटला. काका नुकतेच जेवले होते, पोटात तीळभर जागा नव्हती. तरी डोक्यात कुणी दिवा लावल्यासारखं झालं. "एवढ्याशाने काय होतंय?" म्हणत त्यांनी दुसरा उचलला. मग उरलेलं अगदी इमानदारीने तोललं आणि लिहिलं.

आठवडाभरात इमानदारीने लिहिण्यासारखं काही उरेना.

मॅडमनी वही पाहून औषध दुप्पट केलं. उंदीर चॉकलेटकडे पाठ करून झोपू लागले. म्हणजे काकांच्या वाट्याला आणखी आलं आणि वहीत 'उरलं: शून्य'.

"काका, हे उंदीर आहेत की राक्षस?"

"भुकेचं काही सांगता येत नाही, मॅडम," काका ओठ पुसत म्हणाले.

शुक्रवारी मोठ्या साहेबांनी वही मिटली. "चार वर्षं झाली. पुरे आता. सोमवारपासून हे काम बंद."

मॅडम खण उघडून एकेक कागद पिशवीत भरू लागल्या. ते बघून काकांच्या तोंडातला तुकडा घशाखाली उतरेना.

"मॅडम, उंदीर निर्दोष आहेत."

"म्हणजे?"

"चॉकलेट मी खाल्लं. पहिल्या दिवसापासून. मला काढून टाका, पण त्या बिचाऱ्यांना नावं ठेवू नका."

मॅडमनी पिशवी खाली ठेवली. "आणि उंदरांनी किती खाल्लं?"

"शप्पथ सांगतो, औषध वाढवल्यापासून त्यांनी हुंगलंसुद्धा नाही."

मॅडमनी काकांचे दोन्ही हात धरले. त्या रडतायत की हसतायत, काकांना कळेना. "अहो काका, म्हणजे औषध लागू पडलंय!"

साहेबांना बोलावून नव्या बशा ठेवल्या. काकांना दाराबाहेर उभं केलं. तासाभराने सहाही बशा जशाच्या तशा!

"सुटलो बुवा!" साहेब म्हणाले. "बंद करायचं माझ्याही जिवावर आलं होतं."

सगळी मोजणी पहिल्यापासून करायची ठरली, पण काम वाचलं. काकांना सणसणीत ताकीद मिळाली, नोकरी मात्र शाबूत राहिली. त्यांनी इतका मोठा सुस्कारा सोडला की एक उंदीर दचकून जागा झाला.

"पुढे माणसांवर चाचणी होईल," मॅडम हसत म्हणाल्या. "तुमचं नाव पहिलं घालते."

"घाला की!" काका दारापर्यंत गेले आणि परत वळले. "मॅडम, चाचणीत काही लोकांना औषध न देता नुसतंच चॉकलेट देतात ना?"

"हो, तुलनेसाठी."

"मग मला तेवढं त्यांच्यात घाला."