पुडक्यातला मासा

पुडकं लहान उशीएवढं होतं आणि सायोने ते दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं.

"आण इकडे," गोन्जो म्हणाला.

"बाबांनी ते मला दिलंय, काका."

"इसाकू जाताना शुद्धीत नव्हता."

"पुडकं देताना होता."

डोंगरदेवीच्या ठाण्यापुढे शिकारी टोळी उभी होती. टोळी म्हणजे आता तिघंच उरली होती: म्होरक्या गोन्जो, त्याचा बालमित्र तोकुजी, आणि शरद ऋतूत गेलेल्या इसाकूच्या जागेवर आलेली त्याची मुलगी सायो. चौथा गोमा, काळा शिकारी कुत्रा. पिल्लू असताना त्याला गांधीलमाशी डसली होती. तेव्हापासून त्याचा वरचा ओठ एका बाजूने उचललेला, त्यामुळे तो कायम कुणाची तरी टिंगल करतोय असं वाटे. आत्ता मात्र तो पुडक्याकडे भक्तिभावाने बघत होता.

पुडक्यात ओकोझे होता. अंगभर काटे, फेंगडं तोंड, डोळे भलतीकडे, असा हा समुद्रातला मासा वाळवून ठेवलेला. डोंगरदेवी दिसायला यथातथाच आणि हे तिला स्वतःला ठाऊक, म्हणून आपल्याहून कुरूप कोणी भेटलं की ती खूष होते. शिकाऱ्यांनी तिच्यापुढे पुडकं धरून म्हणायचं, आई, रानडुक्कर दे, मासा उघडून दाखवतो. डुक्कर मिळालं की उघडायचं राहिलं बाजूला, वर आणखी एक पांढरा कागद गुंडाळायचा आणि पुढच्या खेपेला पुन्हा तीच बोली लावायची. तीन पिढ्यांची ही लबाडी फुगून उशीएवढी झाली होती. आतला मासा ना गोन्जोने पाहिला होता, ना तोकुजीने.

"देवीला बायका चालत नाहीत," गोन्जो म्हणाला. "मत्सर करते ती."

"सुंदर बायका चालत नाहीत, काका. माझं तोंड बघून तिला उलट बरं वाटेल."

तोकुजी खो खो हसला आणि गोन्जोने बघितल्यावर खोकू लागला.

"हे बघ पोरी," गोन्जो म्हणाला, "परवाना तुझ्याकडे आहे, नेमही वाईट नाही. पण कुत्रा टोळीचा. घाटापलीकडचा एक शिकारी उद्या त्याला न्यायला येतोय. आज इसाकूच्या जागेवरून डुक्कर पाडलंस तर बघू. नाही पाडलंस तर कुत्रा गेला, मग मला काही बोलायचं नाही."

सायोने मान डोलावली. बाबा गेल्यापासून संध्याकाळी घरात एकच आवाज उरला होता, लाकडी फरशीवर गोमाच्या नखांचा. तो उद्यापासून नसेल, हे तिने मनात आणलं आणि लगेच बाजूला सारलं. नेम आपला चांगला आहे, डुक्करही डोंगरात आहे, एवढं तिला पुरे होतं.

तिने पुडकं ठाण्याच्या दगडावर ठेवलं. तिघांनी टाळ्या वाजवल्या, डोळे मिटले आणि कमरेत वाकले. कागद कुरकुरल्यासारखा आवाज आला. गोन्जोला वाटलं देवी प्रसन्न झाली. त्याने हळूच एक डोळा उघडला, तर दगड मोकळा होता.

गोमा पुडकं तोंडात धरून चढ चढत होता.

"धर त्याला," गोन्जो ओरडला. कोणाला म्हणाला ते कळलं नाही, कारण पुढचं पाऊल त्यानेच टाकलं.

पुडक्याची दोरी एका काटेरी झुडपात अडकली आणि तीन पिढ्या सुटू लागल्या. कागदामागून कागद उडाला. तोकुजी डोंगराच्या धारेवर चढून वायरलेसवर बोलू लागला.

"कुत्रा दिसतोय का?" गोन्जोने धापा टाकत विचारलं.

"कुत्रा नाही, कागद दिसतायत. वरच्या वाटेवर कोणी धुणं वाळत घातलंय असं वाटतं."

"आजची शिकार बंद. आधी कागद गोळा करायचे."

सायो थांबली. "काका, मी माझ्या जागेवर जाते."

"मासा पळाला आणि तू जागेवर बसणार?"

"वरच्या वाटेवर सगळीकडे पांढरं फडफडतंय. डुक्कर तिकडे फिरकणार नाही. उरली ओढ्याकाठची वाट. ती माझ्यापुढून जाते."

"देवीला न विचारता?"

"तिच्याशी आत्ता गोमा बोलतोय, काका."

तेवढ्यात गोन्जोला पुढचा कागद दिसला. पूर्वजांचा एक कागदही रानात राहता कामा नये या निश्चयाने तो झुडपांत शिरला. सायो उतरली आणि दोन देवदारांच्या मधे, बाबांनी बसून बसून गुळगुळीत केलेल्या मुळावर बसली. तिने बंदूक भरली. समोर ओढा होता आणि त्यामागे मातीची उंच दरड. चुकली तरी गोळी मातीतच जाणार. तू त्याच्याकडे जायचं नाही, बाबा म्हणायचे, त्याला येऊ दे.

बराच वेळ काहीच आलं नाही. मग वायरलेस कुजबुजला.

"सायो."

"बोला काका."

"मी झाडावर आहे."

"का?"

"कारण डुक्कर खाली आहे."

झालं होतं असं की वाळलेल्या नेच्यांच्या एका ढिगावर पांढरा कागद पडला होता. गोन्जोने बंदूक ओकच्या झाडाला टेकवली आणि वाकून कागद उचलला. कागदाबरोबर ढीगही उठून उभा राहिला. डुकरांना थंडीत नेचे पांघरून झोपायची सवय असते, हे गोन्जोने स्वतःच किती नवशिक्यांना सांगितलं होतं. पण कागदाच्या नादात तो ते विसरला.

"बंदूक कुठंय?" तोकुजीने मधेच विचारलं.

"डुक्कर हुंगतंय तिला."

"परवाना नाही त्याच्याकडे. सांग त्याला."

"तोकुजी, मी खाली आलो ना की आधी तुला बघतो."

"आधी खाली ये तर."

तेवढ्यात गोमा भुंकला. हातातलं काम टाकून आल्यासारखा एकदम, अगदी जवळून. फांद्या मोडल्याचा आवाज झाला, मग गोन्जोचा आवाज आला, "तुझ्याकडे येतंय, पोरी, तुझ्याकडे."

सायोने बंदूक खांद्याला लावली. डुक्कर वरच्या वाटेकडे वळलं, तिथला कागद फडफडताच बिचकलं आणि ओढ्याकाठाने सरळ खाली आलं. गोमा बराच मागे होता. तिने डुकराला येऊ दिलं. दरडीपुढे त्याचा खांदा आडवा दिसला तेव्हा तिने चाप ओढला. एकच आवाज झाला. डुक्कर आणखी थोडं धावलं, मग विचार बदलावा तसं पाण्याच्या कडेला आडवं झालं.

"काका, पडलं. या खाली."

"उतरता येत नाहीये," गोन्जो म्हणाला.

तोकुजीने त्याला उतरवला. दोघे ओढ्यावर पोचले तेव्हा गोमा पुन्हा रानात जाऊन आला होता आणि त्याच्या तोंडात पुडक्याचा गाभा होता, उघडा. त्याने तो सायोच्या पायांशी ठेवला.

गोन्जोने डोळे गच्च मिटले. "झाका तो. देवीने पूर्ण पाहिला तर आता तिला दाखवायला काय उरलं?"

"गोन्जो," तोकुजी म्हणाला, "उघड डोळे. हा ओकोझे नाही. बांगडा आहे."

सुका बांगडाच होता तो, चपटा आणि देखणा, डोळ्यातून लाल दोरा ओवलेला. बंदरावरची एकच म्हातारी तसा दोरा ओवत असे. गोमा पिल्लू होता त्या हिवाळ्यात सायोने तिच्याकडून बाबांसाठी बांगड्यांची जोडी आणली होती. दुसऱ्या दिवशी एक नाहीसा झाला. वाडग्यातून मान वर न करता बाबा म्हणाले होते, शेजारच्या कियोबाईंच्या मांजराने नेला. त्याच आठवड्यात पिल्लाचा ओठ सुजला. गांधीलमाशी, बाबा म्हणाले होते.

तेव्हा बाहेर गुडघाभर बर्फ होतं, त्यात गांधीलमाशी कुठली! बाबा एरवी खोटं बोलत नसत, म्हणून हे दोन्ही तिने विश्वासाने मानलं होतं.

"काका," ती म्हणाली, "ओकोझे गोमाने तेव्हाच खाल्ला. ओठात काटा घुसला असणार. बाबांनी त्या जागी माझा बांगडा ठेवला."

गोन्जो दगडावर बसला. "म्हणजे तेव्हापासूनची सगळी डुकरं..."

"बांगड्यावर."

"पण बांगडा तर चांगला दिसतो," तोकुजी म्हणाला. "मग देवी खूष होत होती कशावर?"

मग तोकुजीने सावकाश मान वळवली. "गोन्जो, ठाण्यापुढे दर वेळी सगळ्यांत पुढे कोण उभं राहतं रे?"

गोन्जोने त्याच्याकडे पाहिलं, मग सायोकडे. सायो ओढ्याकडे बघत ओठ चावत होती. बाबा गेल्यानंतर इतकं हसू तिला पहिल्यांदाच आवरावं लागत होतं. शेवटी गोन्जोने खिशातून पाकीट काढलं आणि त्यातून बंदुकीच्या परवान्यासाठी काढलेल्या फोटोची उरलेली प्रत. तीत तो चोर सापडल्यासारखा दिसत होता.

"गुंडाळ," तो म्हणाला. "पण पूर्ण दाखवायचा नाही. कपाळापर्यंतच."

दुपारी गोन्जोच्या अंगणात वाटे पडले. प्रत्येकापुढे सारखा एक वाटा, डुक्कर पाडणाऱ्याला वर डोकं. आणि एक वाटा कुत्र्याचा, तो मालकापुढे पडतो. तो हातात धरून गोन्जो जरा वेळ उभा राहिला.

"घाटापलीकडच्याला कळवतो," तो म्हणाला, "कुत्रा चोर आहे म्हणून. चोर कुत्रा कोण नेणार? आणि पुडक्याचं गावात..."

"कुठलं पुडकं, काका?"

त्याने वाटा सायोपुढे ठेवला. "फार खायला घालू नकोस त्याला. सुस्तावेल."

घरी जाताना सायो कियोबाईंच्या दारात थांबली. त्यांचं म्हातारं मांजर ओसरीवर उन्हात बसलं होतं. इतकी वर्षं सायोने त्याला कधी हाक मारली नव्हती, उलट येता-जाता डोळे वटारले होते. तिने पिशवीतल्या काळजाचा चांगला तुकडा कापून त्याच्यापुढे ठेवला.

कियोबाई दारात आल्या. "अगं बाई. तू आणि आमच्या मांजराला?"

"बाबांनी पाठवलंय," सायो म्हणाली.

मांजराने तुकडा हुंगला, तिच्याकडे पाठ केली आणि सावकाश खायला सुरुवात केली. गोमा कुंपणाबाहेर बसून भलतीकडे बघत होता, एका बाजूने ओठ वर करून.